बू-मिशालचा मंगळवारचा पाहुणा

१

बुधवारी सकाळी सिंगापूरचा बाजार उघडला न उघडला तोच जर्राह अल-सुवैदाननं तिथले आपले झाडून सगळे सौदे मोडले. कुवेतच्या बाजारावर नजर ठेवणाऱ्या खात्यात ही बातमी लुलवा अल-नक्कासच्या टेबलापाशी पोचली तेव्हा ती इराणी भट्टीवरची गरम रोटी उलगडत होती. ती रोटी पुढे कुणीच खाल्ली नाही.

बातमी आणली होती कोह सिऊ लिंग या बाईंनी. सिंगापूरच्या बाजारावर नजर ठेवणाऱ्या खात्यानं त्यांना कुवेतला धाडलं होतं. दोन दिवस त्या इतक्या गोड वागल्या होत्या की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे खूश होते. आज मात्र त्यांनी साधा नमस्कारही केला नाही.

"तुमच्याकडून फुटलं," त्या म्हणाल्या.

लुलवाच्या पायाखालची वाळूच सरकली. काय फुटलं, हे तिला विचारावं लागलं नाही.

जर्राह हा तेलाचा बडा व्यापारी. जहाजांना लागणाऱ्या इंधनाचा भाव पुढच्या महिन्यात चढणार, असं धरून त्यानं सिंगापूरच्या वायदेबाजारात प्रचंड सौदे केले होते. आणि भाव नुसत्या नशिबावर कोण सोडतो? अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्याबाहेर तेच तेल भरलेले तीन टँकर नांगर टाकून उभे होते. तेल जहाजात कोंडायचं, बाजारात टंचाई दाखवायची आणि चढत्या भावावर पैसे करायचे, असा हा खेळ होता. तसा संशय तरी होता. सौदे सिंगापूरच्या खात्याला दिसत होते, पण त्यांच्यामागे जर्राहच आहे याचा पुरावा नव्हता. टँकर सगळ्यांनाच दिसत होते, पण ते भाड्यानं घेणारी कंपनी कुणाची, ते कळत नव्हतं. दोन्ही उत्तरं कुवेतमध्ये होती.

अशा वेळी कामाला येतो तो देशादेशांच्या बाजार-राखणदारांमधला करार. एकानं गुपचूप विचारायचं, दुसऱ्यानं गुपचूप सांगायचं आणि ज्याच्याबद्दल विचारलं त्याच्या कानावर अवाक्षर जाऊ द्यायचं नाही. कुवेतला त्या करारात घ्यावं म्हणून लुलवानं आणि तिच्या साहेबांनी वर्षानुवर्षं जोडे झिजवले होते. सिंगापूरची ही विचारणा म्हणजे त्यांची पहिली मोठी परीक्षा होती. उत्तर आज दुपारी द्यायचं होतं, आणि जर्राह आज सकाळीच निसटला होता.

"आमच्याकडूनच फुटलं कशावरून?" लुलवानं विचारलं.

कोहबाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला. "हा फोटो मला सकाळी आला. नंबर अनोळखी आहे. हे उजवीकडे बसलेत ते तुमचे साहेबच ना?"

२

साहेबच होते. मुसाईद अल-रुखैमी हे त्यांचं नाव, पण थोरल्या मुलावरून सगळं गाव त्यांना बू-मिशाल म्हणायचं. मिशालचे वडील. फोटोत ते आपल्या दिवाणियातल्या, म्हणजे घराच्या बैठकीतल्या, लाल तक्क्याला टेकून बसले होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून जर्राह बसला होता. दोघांची डोकी जवळ आली होती. चेहरे, खांदे, हात सगळं लख्ख दिसत होतं. फोटो त्यांच्या गुडघ्यांपाशी संपत होता.

"कालचा आहे," कोहबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी हे असे बसतात आणि आज सकाळी तो माणूस पसार होतो. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?"

"दर मंगळवारी त्यांची दिवाणिया भरते. दार उघडं असतं. येईल त्याला बसवून घ्यावंच लागतं."

"मी फक्त फोटोबद्दल विचारलं."

लुलवानं फोन परत सरकवला. बू-मिशालनीच तिला या टेबलावर बसवलं होतं. बाईमाणूस परदेशी खात्यांशी काय बोलणार, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी एका वाक्यात वाटेला लावलं होतं. "तुमच्यापेक्षा बरं बोलेल," एवढंच ते म्हणाले होते.

"तुमच्या दुपारच्या अजानच्या सुमारास आमचं सिंगापूरचं ऑफिस सुटतं," कोहबाई म्हणाल्या. "त्याआधी मला फोन करून सांगावं लागेल, कुणी फोडलं ते. मी बू-मिशालचं नाव सांगितलं, तर त्यांची नोकरी जाईलच. पण यापुढे कुणी कुवेतला काही विचारणारही नाही."

"आणि दुसऱ्या कुणाचं नाव निघालं तर?"

"चोर कुठल्याही घरात निघतो. घरधन्यानंच चोरी केली असेल तर मात्र त्या घरी कोण ठेव ठेवेल? तर सांगा, किती जणांना माहीत होतं?"

लुलवानं श्वास घेतला. "मी विचारणा कधीच कुणा एकाला पुरती देत नाही. फाडून अर्धी-अर्धी देते. टँकर आणि त्यांची कंपनी एवढंच आमचे वकील उस्ताद रऊफ यांना दिलं. सौद्यांचं खातं कुणाचं, एवढंच फव्वाजला दिलं, तो बाजारावर नजर ठेवणाऱ्या विभागाचा प्रमुख आहे. दोघांना एकमेकांचा अर्धा भाग माहीत नाही. सगळं मिळून दोघांनीच पाहिलंय, मी आणि बू-मिशाल."

"म्हणजे तुम्हीही आलात यादीत," कोहबाई शांतपणे म्हणाल्या. "चला, मी तुमच्याबरोबरच फिरते."

३

उस्ताद रऊफ शेनूदा मूळचे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे. कुवेतमध्ये त्यांची हयात गेली होती, तरी कुठे काही हरवलं की लोकांची नजर आधी त्यांच्याकडे वळायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लुलवाबरोबर परकी बाई पाहताच त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"या, या. बेड्या आणल्यात की मी घरून मागवू?"

"उस्ताद, थट्टा नको. फुटलंय."

"ते तुझ्या चेहऱ्यावरच लिहिलंय, पोरी. आणि फुटलं की मिसरी माणूस आठवतो, हेही मला नवं नाही. विचार काय विचारायचंय ते."

"काल तुम्ही कुठे होता?"

"घरी. बायकोनं मोलोखियाची भाजी केली होती आणि तिचा भाऊ आला होता. तो आला की मला घराबाहेर पडता येत नाही, आणि घरात बसवतही नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "लुलवा, माझा इथे राहण्याचा परवाना या खात्याच्या कागदावर आहे. मी एक शब्द फोडला तर उद्या विमानात बसवतील. कशासाठी फोडीन मी?"

"जर्राहला ओळखता?"

"कोण जर्राह?" उस्ताद गोंधळले. "मला तू तीन जहाजं आणि एक कंपनी दिलीस. कंपनीच्या मागे दुसरी कंपनी, तिच्यामागे तिसरी, आणि शेवटी कुणा म्हाताऱ्या आत्याबाईचं नाव. आत्याबाई कुणाची, ते तू शोधलंस. मला कुठे सांगितलंस?"

ते खरंच होतं. लुलवाच्या एकदम मनात आलं म्हणून तिनं विचारलं, "त्या कंपनीत आज काही हालचाल? नाव बदललं, विकली, असं काही?"

उस्तादांनी संगणकाची कळ दाबून पाहिलं. "काही नाही. कालची आत्याबाई आजही मालकीण आहे. जहाजंही जागेवर."

कोहबाईंनी लगेच बाहेर जाऊन फुजैराला फोन लावला. परत येऊन म्हणाल्या, "तिन्ही टँकर उभेच आहेत. मग? त्यात काय?"

लुलवालाही नीट सांगता येईना. काहीतरी टोचत होतं, एवढंच.

निघताना उस्ताद हळूच म्हणाले, "बू-मिशाल गेले तर त्यांच्या खुर्चीवर कोण बसेल, याचा विचार केलायस का? मी तर नक्कीच नाही."

४

खुर्ची फव्वाजलाच मिळणार, हे खात्यातल्या मांजरालाही माहीत होतं. फव्वाज अल-हसावी देखणा, हुशार आणि कायम हसतमुख. लुलवा आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागले होते आणि भावंडांसारखे भांडत आले होते.

"काय गं लुलवा, तोंड का असं? कुणी तुझी रोटी पळवली?"

"जर्राह पळाला."

फव्वाजचं हसू मावळलं. तो उठला, त्यानं दार लावलं. "कधी?"

"आज बाजार उघडताच. भाव कोसळला, त्याला स्वतःलाही जबर फटका बसला, तरी तो थांबला नाही."

"म्हणजे कळलं त्याला." फव्वाजनं कपाळ चोळलं. "हे बघ, मला खातं दिलंस, मी मालक शोधून दिला आणि काम संपलं. पण तू मला विचारायला आलीस म्हणजे उस्तादांना विचारून झालं असेल. काय म्हणाले?"

"कानावर हात."

"ठेवणारच. मी त्यांच्यावर आळ घेत नाही हं. बिचारा परका माणूस आहे." तो घुटमळला. "एक सांगू? नको, जाऊ दे. आपल्याला शोभत नाही ते."

"सांगा," कोहबाई म्हणाल्या.

"काल मी बू-मिशालकडे गेलो होतो, दर मंगळवारसारखा. जर्राह तिथे होता. आता दिवाणियात शंभर माणसं येतात, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नये. पण तो साहेबांच्या अगदी शेजारी बसला होता आणि दोघं बराच वेळ कुजबुजत होते. मला साहेब वडिलांसारखे आहेत. मी हे बोललो असं कुणाला सांगू नका."

बोलताना त्याचे डोळे पाणावले होते. लुलवालाही भरून आलं. या माणसाला कोपऱ्यात रेटल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

बाहेर येताच कोहबाई घड्याळ बघत म्हणाल्या, "आता साहेबांकडे. आणि या वेळी मी विचारणार."

५

बू-मिशाल खिडकीशी उभे होते. बाहेर धुळीचं पिवळं आभाळ उतरलं होतं, समोरचे मनोरेही दिसत नव्हते. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"जर्राह तुमच्याकडे आला होता?" कोहबाईंनी विचारलं.

"आला होता."

"कशासाठी?"

बू-मिशालनी हातातल्या तस्बीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी चाचपले. "लोक कशासाठी येतात? बसला, कॉफी प्याला, गेला."

"तुम्ही त्याला विचारणेबद्दल काही सांगितलंत?"

"नाही."

"तो त्याबद्दल काही बोलला?"

बू-मिशालनी थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं. "माझ्या घरी माणूस काय बोलतो, ते मी चारचौघांत सांगत नाही."

"साहेब, मी चारचौघं नाही. मी तुमच्या करारातली भागीदार आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर लाज वाटतेय." एवढंच म्हणून ते पुन्हा खिडकीकडे वळले.

लुलवाला राहवेना. "बू-मिशाल, सांगून टाका ना. तुमची मान अडकलीय. करारही अडकलाय. तुम्ही गप्प बसलात की सगळे समजणार, तुम्हीच..."

"समजू देत, मुली."

"मी नाही समजणार!" लुलवा ओरडलीच. आजवर या खोलीत तिनं कधी आवाज चढवला नव्हता.

कॉरिडॉरमध्ये कोहबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते खोटं बोलतायत. तुम्हालाही कळलं ना?"

लुलवाला कळलं होतं. दुसऱ्या सगळ्या उत्तरांना बू-मिशालनी नजरेला नजर दिली होती. 'कॉफी प्याला' म्हणताना मात्र त्यांनी मणी चाचपले होते. कॉफीबद्दल कशाला कुणी खोटं बोलेल?

आणि मग तिला मामांची आठवण झाली.

६

लुलवाचे मामा बू-मिशालच्या दिवाणियाचे जुने पाईक. नव्या फोनचं त्यांना भारी वेड होतं. दर मंगळवारी ते बैठकीचे फोटो काढायचे आणि सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. लोक वैतागायचे, पण मामा ऐकतील तर शपथ.

"मामा, कालचे फोटो पाठवा ना. आत्ता."

"आता का? एरवी मी पाठवले की तूच म्हणतेस, मामा, म्हाताऱ्यांचे फोटो बघून माझा फोन म्हातारा होईल."

"मामा!"

"पाठवतो, पाठवतो. ओरडू नकोस, शेजारी डॉक्टर बसलाय, त्याला वाटेल मलाच काहीतरी झालंय."

पहिलाच फोटो उघडला आणि लुलवा जागच्या जागी थांबली. तोच फोटो. तीच डोकी, तेच खांदे. पण हा गुडघ्यांपाशी संपत नव्हता. खाली गालिचा दिसत होता, आणि जर्राहच्या पुढ्यात, गालिच्यावर, कॉफीचं फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, ठेवलेलं होतं. आत कॉफी तशीच होती.

"मामा," तिनं विचारलं, "जर्राहनं फिंजान खाली ठेवलं होतं?"

पलीकडे मामा उठून बाजूला गेल्याचं ऐकू आलं. मग मामा अगदी हळू म्हणाले, "दिसलं का तुला? मला आधी दिसलं नाही. फोटो टाकला, मग दिसलं. काढून टाकला, पण तोवर बघणाऱ्यांनी बघितला."

"तो प्याला का शेवटी?"

"नाही गं. अजून एक फोटो आहे माझ्याकडे. तो दारातून बाहेर पडतोय आणि फिंजान तसंच पडलंय. तो मी टाकला नाही. कुणाची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणायची? तू मागतेस म्हणून देतो, पण बू-मिशालला कळू देऊ नकोस."

"मामा, ग्रुपवर आमच्या ऑफिसातलं कोण आहे?"

"तुमचा तो फव्वाज आहे की. का?"

"उस्ताद रऊफ?"

"त्यांना कुणी बोलावलंय? बोलवायला हवं होतं खरं."

लुलवानं फोन ठेवला. दुसरा फोटो आला, तिनं तो पाहिला आणि कोहबाईंचा हात धरला. "साहेबांच्या खोलीत चला. सगळ्यांना बोलवा. मला मिळालं."

७

बू-मिशाल खुर्चीत होते. उस्ताद दाराजवळ उभे राहिले, हात छातीवर बांधून. फव्वाज खिडकीच्या कठड्याला टेकला.

लुलवानं दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा कोहबाईंना आलेला फोटो. आणि हा मूळ फोटो. फरक बघा."

"एकाची खालची बाजू कापलीय," कोहबाई म्हणाल्या. "खाली आहे काय? गालिचा आणि एक कप."

"तुम्ही असता तर कापला असता?"

"मी कशाला कापू? कप म्हणजे कप."

"हेच तर! तुमच्या लेखी तो कप आहे. आमच्यात ते फिंजान हातातून हातात जातं, खाली कधी ठेवत नाहीत. पाहुण्यानं न पिता ते पुढ्यात ठेवलं, की घरातल्या पोरालाही कळतं, हा काहीतरी मागायला आलाय. यजमान म्हणतो, 'पी, दिलं.' मगच पाहुणा पितो."

"आणि यजमानानं दिलं नाही तर?"

"पाहुणा न पिताच उठून जातो." तिनं मामांचा दुसरा फोटो उघडला. दारातून बाहेर पडणारी जर्राहची पाठ आणि गालिच्यावरचं फिंजान. "आणि त्या घराला बट्टा लागतो. कुणी हे तोंडानं सांगत नाही. पाहुण्याचीही अब्रू जाते आणि आपलीही."

बू-मिशालनी डोळे मिटले. लुलवाला त्यांच्याकडे बघवेना, पण आता थांबून चालणार नव्हतं.

"तो काहीतरी मागायला आला, म्हणजे येण्याआधीच त्याला कळलं होतं. बू-मिशालकडून कळलेलं नाही. त्यानं उत्तर अडवून ठेवायला सांगितलं असणार आणि यांनी नकार दिला."

कोहबाई एकदम पुढे झुकल्या. "थांबा, थांबा. मला तुमचं फिंजान कळत नाही, पण बाजार कळतो. एवढे सौदे एका दमात मोडले की भाव कोसळतो आणि मोडणाराच भरडला जातो. ज्याला उत्तर अडवण्याचं वचन मिळालं, तो सावकाश, थोडे थोडे करून निघाला असता. जर्राह आग लागल्यासारखा पळाला. त्याला वचन मिळालं नव्हतं!"

"बरं," फव्वाज म्हणाला. त्याचा आवाज अजून गोडच होता. "म्हणजे साहेब निर्दोष. मला किती हायसं वाटलं सांगू! पण मग राहिले कोण? उस्ताद, रागावू नका, तुम्ही इथे जन्म काढलात, फिंजानाची रीत तुम्हालाही ठाऊक आहे."

"आहे ना," उस्ताद म्हणाले. "पण मला फोटो कोण पाठवणार?"

"फोटो कुठूनही मिळतो."

"फोटो बाजूला ठेव," लुलवा म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आवाज स्थिर होता. "जर्राहनं काय केलं ते आपण सकाळपासून बघतोय. काय केलं नाही, ते बघू. त्यानं जहाजं हलवली नाहीत. कंपनी आजही त्याच्या आत्याच्या नावावर आहे. तिन्ही टँकर फुजैराला उभे आहेत. एवढा घाबरलेला माणूस सौदे मोडतो आणि जहाजांना हातही लावत नाही. का?"

तिनं दोन्ही फोन बाजूला सारले.

"कारण सिंगापूरनं जहाजांबद्दलही विचारलंय, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याला अर्धंच कळलं. मी सांगितलं असतं तर पुरतं कळलं असतं. बू-मिशालनी सांगितलं असतं तरी पुरतं कळलं असतं. उस्तादांनी सांगितलं असतं तर उलट झालं असतं, आज जहाजं गायब असती आणि सौदे जागेवर असते. ज्याच्याकडे फक्त सौद्यांचा अर्धा भाग होता असा एकच माणूस या खोलीत आहे."

फव्वाज हसला. ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना. "लुलवा, आपण इतकी वर्षं..."

"म्हणूनच मला उशीर झाला. तू त्याला खबर दिलीस आणि वर सांगितलंस, बू-मिशालकडे जा, मंगळवारी ते दार बंद करत नाहीत. त्यांनी मागणं मान्य केलं असतं तर ते कायमचे तुझ्या मुठीत आले असते. नाही केलं, तर फोटो होताच. खुर्ची दोन्हीकडून तुझी. फक्त फिंजान आडवं आलं, म्हणून ते कापलंस. कोहबाईंना ते कळलंच नसतं रे. पण तुला कळत होतं, आणि ते डोळ्यांसमोर राहू देणं तुला जमलं नाही."

"पुरावा?" फव्वाजनं विचारलं.

"तो सरकारी वकील बघतील. तुझा फोन आहे, जर्राहचाही आहे." तिनं आधीच बोलावलेले दोन पोलीस अधिकारी दारात उभे होते.

फव्वाजनं बू-मिशालकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही काहीतरी बोला."

बू-मिशाल म्हणाले, "तू मला वडील म्हणायचास. घरी तुझ्या आईला कोण सांगणार, याचा विचार कर."

फव्वाजची मान खाली गेली. अधिकारी त्याला घेऊन गेले.

८

"आता पळा!" कोहबाई म्हणाल्या आणि खोलीतली मरगळ झटक्यात उडाली. "जहाजं अजून त्याच्या नावावर आहेत. फव्वाजला धरल्याचं कानावर गेलं की तासाभरात कंपनी दुसऱ्याच्या नावावर होईल. मला उत्तर हवंय, दोन्ही भाग, सहीसकट, आत्ता!"

"सहीसकट तयार आहे," बू-मिशाल म्हणाले.

लुलवा बघतच राहिली. त्यांनी तिजोरी उघडून पाकीट काढलं. "पहाटेची नमाज झाल्यावर थेट इथे आलो आणि सही केली. म्हटलं, नंतर मन कचरायला नको."

मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि लिहू लागले. लुलवानं खांद्यावरून वाचलं आणि ती हादरली. 'मंगळवारी संध्याकाळी जर्राह अल-सुवैदान माझ्या घरी आला. उत्तर थांबवा, असं त्यानं मला सांगितलं. मी नकार दिला. त्याला विचारणेची माहिती आहे हे मला तेव्हाच कळलं, ते मी त्याच क्षणी कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. आज सकाळी मला विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.'

"बू-मिशाल, हे पाठवायची काही गरज नाही. तुम्ही सुटलात. सगळं सिद्ध झालंय."

"मी रात्रभर गप्प राहिलो नसतो, तर सकाळी त्याला सौदे मोडता आले नसते. त्याची अब्रू राखली आणि कोहबाईंच्या बाजाराचं नुकसान केलं. हे कोण सांगणार त्यांना?"

"तुमच्यावर चौकशी बसेल."

"बसू दे. उत्तराला जोड."

"आणि गावात? पाहुण्याला विन्मुख पाठवलं म्हणून लोक तुमच्या दिवाणियाची पायरी चढणार नाहीत."

"काही जण नाही चढणार," ते म्हणाले. ते त्यांना किती लागलं होतं, ते स्वच्छ दिसत होतं. "तू जोड, मुली. मी सांगतोय म्हणून."

लुलवानं जोडलं. सगळं एकत्र सिंगापूरला गेलं. पाठवताना तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

दुपारची अजान व्हायच्या बेतात होती. कोहबाईंनी त्यांच्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा ठेवला. पलीकडून एक थकलेला पुरुषी आवाज आला.

"कोह, बोल. कुवेतचं काय करायचं? दार बंद?"

"सर, पोचलेले कागद बघा. सौदे आणि जहाजं एकाच माणसाची. टँकर अजून उभे आहेत, फुजैराला आत्ताच कळवा. फोडणारा सापडला, विभागप्रमुख होता."

"आणि तो वरचा साहेब? फोटोतला?"

"शेवटचं पान वाचा."

बराच वेळ फक्त कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. उस्तादांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. बू-मिशाल ताठ बसून होते. लुलवानं टेबलाची कड घट्ट धरली.

"हे त्यानं स्वतः लिहिलं?" पलीकडच्या आवाजानं विचारलं.

"स्वतः. कुणी मागितलं नव्हतं. मी तर त्यांना निर्दोष ठरवून मोकळी झाले होते."

"मी हे काम कधीपासून करतोय कोह, तुला माहीत आहे. आजवर कुठल्याही देशानं आपल्याविरुद्धचं पान आपण होऊन मला पाठवलेलं नाही." कागद मिटल्याचा आवाज आला. "आम्हीही कधी पाठवलेलं नाही. जहाजांचं मी बघतो. आणि ऐक, ते तांब्याच्या वायद्यांचं प्रकरण आहे ना, कुणाला विचारावं म्हणून आपण महिनाभर हातात धरून बसलोय ते. उद्या तेही कुवेतला पाठव."

फोन बंद झाला. कोहबाई बू-मिशालकडे वळून म्हणाल्या, "साहेब, उद्या चौकशी बसेपर्यंत तरी खुर्ची सोडू नका. तुम्हाला काम येतंय."